काउंटरवरची स्क्रीन वाचता येत नसेल तर काय करायचं?



बिलिंगच्या लॅपटॉपवर अक्षरं मोठी कशी करायची, हे मी व्हिडिओत दोन मिनिटांत उरकलं होतं. विषय तसा सोपा वाटतो ना! पण ते दोन मिनिटांचं काम मी स्वतःच्या दुकानात जवळजवळ पाच महिने केलं नव्हतं, आणि त्याचा त्रास माझ्या वडिलांना झाला. म्हणून आज सविस्तर लिहितोय. सेटिंग्ज सगळी देतो, पण आधी गोष्ट ऐका. कारण तुमच्याही दुकानात हेच चाललेलं असू शकतं.

आमचं कराडला हार्डवेअर आणि प्लंबिंगचं दुकान आहे. आण्णांनी म्हणजे वडिलांनी ते तीस वर्षं तोंडी हिशोबावर चालवलं. कुठल्या खणात कुठली फिटिंग, कुणाची किती उधारी, सगळं डोक्यात. मग मी बीबीए करून आलो, जीएसटी आला, बिलिंगचं सॉफ्टवेअर आलं. जुना लॅपटॉप होता तोवर आण्णा हळूहळू का होईना, बिल करायचे. एका बोटाने टाईप करत, पण करायचे. मग तो लॅपटॉप गेला आणि मी चांगला भारीतला नवीन घेतला. आणि दोन महिन्यांत आण्णा लॅपटॉपला हात लावेनासे झाले.

त्यात एक दिवस चूक झाली. एका प्लंबरला पाऊण इंची एल्बो दिले आणि बिल झालं एक इंचीचं. दुसऱ्या दिवशी तो बिल घेऊन आला. बिचारा काही वाईट बोलला नाही. पैशांचा फरकही फार नव्हता. पण काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांच्यासमोर मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही राहू द्या, मी करतो."

झालं. त्यानंतर आण्णा मागच्या बाजूला माल लावत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "तुझं ते कॉम्प्युटर मला जमत नाही, तूच बघ." आणि मी मनात म्हणायचो, वय झालं, नवीन शिकायची इच्छा नाही. मी बाहेर लोकांना ट्रेनिंग देत फिरतो बरं का! पन्नाशीच्या किराणा दुकानदारांना एक्सेल शिकवतो. आणि घरचा माणूस शिकत नाही म्हणून चिडतो.

मग एकदा आण्णांचा मोबाईल भरला. "फोटो काढता येईना, बघ जरा," म्हणाले. गॅलरी उघडली तर त्यात आमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनचे फोटो. एक नाही, दोन नाही, साठ-सत्तर. रेट लिस्टचे, स्टॉकचे, उधारीच्या यादीचे. मी ट्रेनिंगला बाहेर गेलो की आण्णा मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढायचे, दोन बोटांनी तो मोठा करून रेट वाचायचे आणि हाताने कच्चं बिल लिहून द्यायचे.

म्हणजे कॉम्प्युटर जमत होता. दिसत नव्हता.

आता हे का झालं, ते नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. जुना लॅपटॉप साडेपंधरा इंचांच्या आसपासचा होता, रिझोल्युशन १३६६ बाय ७६८. नवीनही तेवढ्याच मापाचा, पण फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०. स्क्रीन तेवढीच, पण तिच्यात ठिपके जास्त. त्यामुळे एकेक ठिपका बारीक. जुन्या स्क्रीनवर एका इंचात साधारण १०० ठिपके बसायचे, नव्यावर १४०. सॉफ्टवेअरमधलं अक्षर जर ठरावीक ठिपक्यांचं असेल, तर ते नव्या लॅपटॉपवर जुन्याच्या सत्तर टक्केच दिसणार. विंडोजला हे माहीत असतं. म्हणून अशा लॅपटॉपवर ते आपणहून सगळं १२५ टक्के मोठं करून दाखवतं. पण सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलाने ते १०० वर आणलं होतं. "सर, आता सगळे कॉलम एका स्क्रीनवर दिसतील," असं म्हणाला होता, आणि मी खूश झालो होतो. माझं वय तेव्हा बत्तीस. मला दिसत होतं ना!

जास्त पैसे देऊन चांगली स्क्रीन आणली आणि अक्षर लहान झालं. हे कुणी सांगत नाही.

चाळिशी आणि काउंटर

मराठीत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात ते उगाच नाही. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होत जाते आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. हा आजार नाही, केस पिकण्यासारखंच आहे. पेपर लांब धरून वाचायला लागलो की समजायचं.

यात एक गोम आहे. वाचायचा चष्मा साधारण पुस्तक धरतो त्या अंतरासाठी केलेला असतो, म्हणजे सव्वा-दीड फूट. काउंटरवरचा लॅपटॉप किंवा मॉनिटर मात्र दोन-सव्वादोन फुटांवर असतो. म्हणजे चष्म्याशिवाय अक्षर धूसर, आणि चष्मा लावला तरी त्या अंतरावर पुरतं स्वच्छ नाही. मग माणूस काय करतो? वाकतो. नाहीतर बायफोकल असेल तर हनुवटी वर करून खालच्या भिंगातून स्क्रीन बघतो. आण्णा तसंच करायचे. संध्याकाळी मान धरायची आणि आम्ही म्हणायचो, गोण्या उचलल्या असतील.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, डोळे तपासायला जाल तेव्हा तुमच्या खुर्चीपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगा, "मी एवढ्या अंतरावर दिवसभर वाचतो." त्या अंतराचा वेगळा चष्मा मिळतो. दुसरी, बायफोकलवाल्या माणसासाठी स्क्रीन खाली घ्या. एरवी स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी असं सांगतात, पण बायफोकल असेल तर त्याहून आणखी खाली बरी पडते. आम्ही लॅपटॉपखालचा ठोकळा काढून टाकला, एवढंच केलं. खर्च शून्य.

आणि डोळ्यांचा डॉक्टर सेटिंगने टळत नाही बरं का. अचानक धूसर दिसायला लागलं, एकाच डोळ्याला फरक जाणवला, सारखं डोकं दुखतंय, तर आधी तपासणी. साखरेचा त्रास असेल तर काही जाणवत नसलं तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचाच.

लॅपटॉपवर नेमकं काय बदलायचं

विंडोजचं बटण आणि आय एकत्र दाबा, सेटिंग्ज उघडतं. त्यात सिस्टिम, मग डिस्प्ले. इथे दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसतील, स्केल आणि रिझोल्युशन. बहुतेक लोक इथेच चुकतात. अक्षर मोठं हवं म्हणून रिझोल्युशन कमी करतात. त्याने अक्षर मोठं होतं खरं, पण फुगलेलं, कडा पुसट झालेलं. ओल्या कागदावर शाई पसरावी तसं. रिझोल्युशनला हात लावू नका, तिथे ज्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय तेच ठेवा. बदलायचं ते स्केल. १०० असेल तर १२५ करा, एक दिवस काम करून बघा, कमी वाटलं तर १५०.

स्केलने सगळंच मोठं होतं: बटणं, मेनू, आयकॉन, अक्षरं. नुसती अक्षरंच मोठी हवी असतील तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टेक्स्ट साइज. पट्टी १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत सरकते. सरकवली की ॲप्लाय दाबायला विसरू नका. विंडोज १० असेल तर हेच ईज ऑफ ॲक्सेस या नावाखाली सापडेल. ॲक्सेसिबिलिटी हे नाव बघून "ते अपंगांसाठी असतं" म्हणून लोक पुढे जातात. अहो, दुकानाच्या पायरीशेजारी उतार केला तर त्यावरून व्हीलचेअर येते, तशी आपली मालाची हातगाडीही येते. ज्याला गरज आहे त्याने वापरायचं.

आता खरी अडचण. जुन्या पद्धतीची बिलिंग सॉफ्टवेअर्स स्केल वाढवलं की रुसतात. एकतर धूसर दिसतात, नाहीतर सेव्हचं बटण स्क्रीनच्या खाली जाऊन लपतं. आमच्याकडे दोन्ही झालं. धूसर दिसत असेल तर सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, त्यात कॉम्पॅटिबिलिटीचा टॅब, तिथे चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. खालच्या चौकटीत खूण करा आणि यादीतून सिस्टिम एन्हान्स्ड निवडा. सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. बऱ्याच वेळा अक्षर लख्ख होतं. नाही झालं तर त्याच यादीतले बाकीचे दोन पर्याय करून बघा, नुकसान काही नाही. बटण लपत असेल तर १५० वरून १२५ वर या, आणि टास्कबार आपोआप लपेल असं करा, तेवढी एक ओळ जागा मिळते. तरीही जमलं नाही तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून सांगा की आम्हाला १५० टक्क्यांवर चालणारं हवंय. वर्षाचं रिन्यूअल घेतात ना, मग विचारायला लाजायचं कशाला?

अक्षर मोठं करूनही कडा खरखरीत वाटत असतील तर स्टार्टमध्ये क्लिअरटाईप असं इंग्रजीत टाईप करा. एक छोटी खिडकी उघडते आणि चार-पाच वेळा नमुने दाखवून विचारते, यातलं स्वच्छ कुठलं दिसतं? जो रोज तिथे बसतो त्यालाच निवडायला सांगा. मी आण्णांच्या वतीने निवडून मोकळा झालो होतो. ते परत करावं लागलं, कारण त्यांनी निवडलेले नमुने माझ्यापेक्षा जास्त ठळक होते.

तुम्हाला आणि वडिलांना वेगवेगळी मापं हवीत? विंडोजमध्ये दोन युजर करा. स्केल आणि अक्षराचं माप प्रत्येक युजरचं वेगळं राहतं. फक्त बिलिंग सॉफ्टवेअर दोन्ही युजरमध्ये एकाच डेटावर चालतंय ना, ते आधी सॉफ्टवेअरवाल्याकडून खात्री करून घ्या. नाहीतर अर्धी बिलं इकडे, अर्धी तिकडे.

ब्राउझरमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टल किंवा बँकेची साइट उघडल्यावर, कंट्रोल धरून प्लस दाबा. अक्षरं वाढतात, मायनसने कमी होतात, शून्याने मूळ मापावर. क्रोम प्रत्येक साइटचं माप वेगळं लक्षात ठेवतं, म्हणून एकदाच करायचं. आणि कधीतरी एखादीच बारीक गोष्ट बघायची असेल तर विंडोजचं बटण आणि प्लस, की भिंग उघडतं. बंद करायला विंडोज आणि एस्केप. हे बंद करायचं मात्र पाठ करून ठेवा. एका ट्रेनिंगमध्ये एका ताईंनी भिंग चालू केलं आणि बंद कसं करायचं ते कळेना म्हणून लॅपटॉपच बंद करून घरी नेला होता.

कर्सर सापडत नाही, ही आण्णांची आणखी एक तक्रार होती. दर टाकायला जायचे आणि तो नगांच्या रकान्यात पडायचा. ॲक्सेसिबिलिटीमध्येच टेक्स्ट कर्सर म्हणून आहे, तिथे इंडिकेटर चालू केला की लिहिण्याच्या जागी वर-खाली दोन रंगीत ठिपके दिसतात. माऊसचा बाणही मोठा आणि रंगीत करता येतो. आमचा आता पिवळाधमक आहे. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

मराठी अक्षराला जागा जास्त लागते

इंग्रजी अक्षराच्या वर-खाली फार काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. एवढं सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं म्हणजे मूळ अक्षर बारीक होणार. म्हणून एक्सेलमध्ये इंग्रजी ११ च्या मापात बरं दिसत असेल तर मराठी १४ ला ठेवा, आणि ओळीची उंचीही वाढवा, नाहीतर उकार कापले जातात. अक्षर बारीक असलं की ब आणि व, घ आणि ध, भ आणि म यांच्यात गडबड होते. आमच्या धंद्यात कडीची कढी होते, त्यावर हसून सोडता येतं. पण बारचा वार झाला की माल कुठला द्यायचा? आकड्यांत तर मराठीतला १ आणि ९ लांबून सारखेच.

फाँटचंही बघा. विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी म्हटलं की मंगल. तो र. कृ. जोशी यांनी केलेला, आयआयटी मुंबईत शिकवणारे मोठे सुलेखनकार. आपल्या कॉम्प्युटरवर मराठी सरळ दिसायला लागली त्यात या फाँटचा मोठा वाटा आहे. पण रोजच्या तक्त्यासाठी मला स्वतःला निर्मला यूआय बरा वाटतो, तो विंडोजमध्ये असतोच. किंवा मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा मुक्ता, गुगल फाँट्सवर फुकट मिळतो. रेट लिस्टला वळणदार, लग्नपत्रिकेसारखा फाँट लावू नका एवढंच सांगणं.

एक्सेलमध्ये उजव्या कोपऱ्यातली झूमची पट्टी बिनधास्त वाढवा. प्रिंटच्या मापावर तिचा काही परिणाम होत नाही. बरेच जण त्या भीतीने वाढवत नाहीत. झूम वाढवल्यावर मथळा वर निघून जातो, म्हणून व्ह्यूमध्ये फ्रीज पेन्स करून पहिली ओळ आणि मालाच्या नावाचा कॉलम जागेवर ठेवा.

आणि हे तिन्ही कोड सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण इंग्रजी ओ आणि शून्य यात चांगले डोळेवालेही फसतात. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं, ओ कधीच नाही. पॅनमध्ये पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. जीएसटी नंबर १५ चा. त्यात आधी राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, आणि पुढचे दहा म्हणजे पॅनच. कुठे अक्षर आणि कुठे आकडा ते माहीत असलं की डोळ्यावरचा अर्धा भार कमी होतो.

उजेड, नाईट लाइट आणि डार्क मोड

ब्राइटनेससाठी माझी एकच युक्ती. कोरं बिलबुक स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी चमकतेय असं वाटलं तर कमी करा, कागदापुढे मळकी वाटली तर वाढवा. सकाळी शटर उघडल्यावर आणि रात्री, दोन वेळा बघायचं. स्क्रीनची पाठ किंवा तोंड रस्त्याकडे ठेवू नका, बाजू ठेवा. शटरकडून येणारा उजेड स्क्रीनवर पडला तर कुठलंही सेटिंग कामाचं नाही.

डार्क मोडबद्दल सगळे विचारतात. काळ्यावर पांढरी अक्षरं छान दिसतात, रात्री अंथरुणात ठीकही आहे. पण भर उजेडाच्या दुकानात काळ्या स्क्रीनवर आपलंच तोंड आणि मागची ट्यूब दिसते. शिवाय डोळ्याला तिरका नंबर असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी वाटतात. उलट मोतीबिंदूमुळे पांढऱ्याचा झगमगाट सहन होत नाही अशा काहींना काळंच बरं वाटतं. म्हणजे नियम नाही, बसणाऱ्याला विचारायचं.

नाईट लाइटने स्क्रीन पिवळसर होते, संध्याकाळी बरी वाटते म्हणून लावा. पण निळ्या प्रकाशाने डोळे जातात या भीतीने महागडा चष्मा घ्यायला जाऊ नका. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संस्था, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी, असा चष्मा घ्यायचा सल्ला देत नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांवरचं काहीतरी बघायचं असं सांगतात. दुकानदाराला ते सोपं आहे. रस्त्यावर कोण चाललंय ते बघा!

मोबाईल

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, डिस्प्ले, त्यात फाँट साइज आणि डिस्प्ले साइज अशा दोन पट्ट्या असतात. कंपनीप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे. फाँट साइजने अक्षर वाढतं, डिस्प्ले साइजने बटणंसुद्धा. पेमेंटच्या ॲपमध्ये दोन बोटांनी मोठं करता येत नाही, म्हणून इथूनच वाढवावं लागतं. पण फार वाढवलं तर काही ॲपमध्ये रकमेचा शेवटचा आकडा दुसऱ्या ओळीत जातो. वाढवल्यावर एक रुपया स्वतःलाच पाठवून बघा, रक्कम आणि नाव पूर्ण दिसतंय का. हे केल्याशिवाय घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात तो मोबाईल देऊ नका.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, फाँट साइज असं वेगळं माप आहे. आयफोनवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, त्यात लार्जर टेक्स्ट. तिथलंच बोल्ड टेक्स्टही चालू करा, फरक लगेच कळतो.

आता हे गिऱ्हाइकाच्या बाजूनेही बघा. आपण रेट लिस्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. गिऱ्हाइकाने मोबाईलची अक्षरं कितीही मोठी केलेली असोत, फोटोतली अक्षरं तेवढीच राहतात. दिसत नसणारे लोक मोबाईल वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकवर चालतात, त्याला तिरका काढलेला फोटो धड वाचता येत नाही. तोच रेट साध्या मेसेजमध्ये लिहून टाका, दहा ओळी का होईनात. आणि पांढऱ्यावर पिवळं किंवा फिकट करडं लिहू नका. वेबसाइटसाठी जो जागतिक नियम आहे त्यात साध्या मापाच्या अक्षराचा आणि पाठीमागच्या रंगाचा फरक किमान साडेचारास एक असावा असं सांगितलंय. मोजायला साधनं आहेत, पण पिवळं पांढऱ्यावर त्यात बसत नाही हे मोजल्याशिवायही कळतं. उधारीच्या यादीत नुसता लाल-हिरवा रंग देऊन थांबू नका, शेजारी "बाकी" आणि "जमा" लिहा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच असतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना ते स्वतःलाही माहीत नसतं.

तर, आण्णा

गॅलरी बघितली त्या रात्री मी काही बोललो नाही. दुकान बंद केल्यावर स्केल १५० केलं, कर्सरचे ठिपके लावले, ठोकळा काढला. सकाळी म्हटलं, "आण्णा, जरा हे बघा." ते आले, चष्मा लावला, स्क्रीनकडे बघितलं आणि पहिल्या ओळीतला माल मोठ्याने वाचला. मग दुसऱ्या. मग म्हणाले, "हे आधी होत नव्हतं होय?"

होत होतं, हे मला सांगावं लागलं. "चूक माझी होती," हेही सांगितलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही, बिल मात्र करायला बसले. आता सकाळी नऊ ते एक काउंटर त्यांचं असतं.

नवीन भानगड अशी झाली की अक्षरं एवढी मोठी झाली, की काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आमचा खरेदी भावही वाचता यायला लागला! एका गवंड्याने तो वाचून दाखवला आणि मग भावावरून जी घासाघीस केली, विचारू नका. स्क्रीन थोडी वळवली, आणि सॉफ्टवेअरच्या बिलाच्या पानावरून खरेदी भावाचा कॉलम काढून टाकला. तुमच्याकडेही अक्षरं वाढवाल त्याच दिवशी हे करून घ्या. कॉलम कुठून लपवायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. आण्णा स्वतः दाखवणार म्हणालेत, पण कॅमेऱ्यासमोर बसतील तेव्हा खरं.